सोडलेली पट्टी आणि प्रवेशाचा अर्ज

आमच्या पत्रकाच्या पाचशे प्रती निघेपर्यंत करायला काही नव्हतं, म्हणून मी संघटनेच्या ग्रुपवर आलेली ती लिंक उघडली. महाडच्या एसटी स्टँडजवळचं झेरॉक्सचं दुकान, भर दुपार, मशीनची घरघर आणि गरम कागदाचा वास. कुठल्यातरी लांबच्या विद्यापीठाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, भूमी-अर्थशास्त्राचा. मला वाटलं, असेल बिल्डर लोकांसाठी काहीतरी. जागेचे भाव कसे काढायचे वगैरे. मग मी विषयांची यादी वाचायला लागले, आणि दुकानदार दोनदा म्हणाला, "मॅडम, झाल्या प्रती," तरी मला ऐकू गेलं नाही.

अर्थशास्त्र होतंच. पण त्याच यादीत जमिनीचा कायदा होता. माती आणि पाणी होतं. नकाशे होते. कुळं, वहिवाट, सामाईक मालकी, गायरानं होती. शहरं कशी पसरतात, डोंगर कसे खचतात आणि खचल्यावर तिथल्या माणसांना कुठे न्यायचं हे ठरवतं कोण, तेही होतं. एकाच पदवीत!

मला काय वाटलं ते समजून घ्यायचं असेल तर एकदा आमच्या तालुक्यात जमिनीचं काम घेऊन या. सातबारा तलाठ्याकडे. नकाशा भूमी अभिलेखात. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे. झाड तोडायचं तर वनखातं. प्रत्येक टेबलावर तुमच्या जमिनीचा एकेक तुकडा असतो, आणि शेजारच्या टेबलावर काय आहे ते सांगायला कुणी बांधलेलं नसतं. भावाभावांनी जमिनीचे तुकडे केले म्हणून सगळे ओरडतात. पहिले तुकडे कार्यालयांनी केले. हे मी एका पत्रकात ठळक अक्षरात छापलंही होतं. आणि इथे कुणीतरी ते सगळे तुकडे उचलून पुन्हा एका जागी ठेवले होते आणि म्हणत होतं, या, हे एकत्र शिका. असं म्हणणारी माणसं जगात आहेत, पगार घेऊन हेच करतात, हे मला खरंच माहीत नव्हतं. माझी पोलादपूरची गाडी गेली. मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

माझी वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून आत. रस्त्यापासून चालत अर्धा तास. अर्धी घरं कुलूपबंद, माणसं मुंबईत. गणपतीला आणि शिमग्याला येतात. मी पाचवीपासून महाडला वसतिगृहात होते, पुढे बीए तिथेच केलं. कॉलेजात असताना डोंगर विकत घेऊन बंगल्यांचे प्लॉट पाडणाऱ्यांविरुद्ध काम करणाऱ्या एका लहानशा संघटनेत शिरले आणि तिथे पत्रकं लिहायला शिकले. वाक्य लहान, आरोप स्पष्ट, शेवटी मागणी. चार वर्षं मी हेच लिहिलं आणि चांगलं लिहिलं. नम्रपणा दाखवायला मला वेळ नाही.

अर्जात गुण, दाखले, दोन शिफारसपत्रं हे नेहमीचं होतं. खरा अर्ज म्हणजे एक निबंध. तुम्हाला माहीत असलेल्या एका जमिनीबद्दल लिहा. ती कोणाची, ती वापरतं कोण, आणि तिची किंमत ठरते कशी? इंग्रजीत लिहायचा, हे वेगळं सांगायला नको. जमीन आमची, भाषा त्यांची. तरी मी चिडले नाही. एका बैठकीत मराठीत लिहून काढला आणि आमच्या कॉलेजातल्या निवृत्त सरांकडे घेऊन गेले. अर्थशास्त्र त्यांनीच शिकवलं होतं. इंग्रजीला तेच मदत करणार होते.

सरांचं घर महाडात खालच्या बाजूला. पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या दोन फळ्या ते रिकाम्या ठेवतात. सावित्रीच्या पुराचं पाणी ज्यांच्या घरात येऊन गेलंय ते सगळेच ठेवतात. सरांनी माझी चार पानं वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे कोणाला वाटायचंय?" त्यांनी विचारलं.

"वाटायचं कशाला? अर्ज आहे, सर."

"अर्ज असता तर एखादा प्रश्न असता यात. इथे सगळी उत्तरं. पहिल्या ओळीत चोर सापडला, चौथ्या ओळीत शिक्षासुद्धा झाली. उरलेली साडेतीन पानं काय, त्याची वरात?"

"मग चोराला चोर म्हणू नको?"

"म्हण गं बाई. पण त्यांनी तुला जमिनीबद्दल विचारलंय. यात जमीन कुठंय? उतार केवढा, माती कसली, कुठलं पीक कधी? तुझ्या जमिनीत एक झाडसुद्धा नाही."

मी तणतणत बाहेर पडले. झाडं! यांना झाडं हवीत! पण दासगावकडे जाणाऱ्या वळणापर्यंत चालत गेले आणि परत फिरले, कारण त्यांचं खरं होतं. मी ज्या जमिनीबद्दल लिहिलं होतं ती आमच्या वाडीमागची वरकस, म्हणजे भात होत नाही अशी उताराची, नाचणी-वरीची जमीन. तिचा गट नंबर मला पाठ होता. सातबाऱ्यावरची नावं पाठ होती, त्यातली निम्मी वारलेल्यांची. त्या नावांवर आणि त्यांच्यापुढे तलाठ्याने लिहिलेल्या 'गवत पड' या दोन शब्दांवर माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक उभं होतं: 'मुंबईकरांनो, तुमची जमीन पडीक का?' तुम्ही नोकरीला गेलात, डोंगर पडीक टाकलात, म्हणून एजंट आले, असा थेट आरोप. शिमग्याला मुंबईहून आलेल्या प्रत्येकाच्या हातात मी तो कागद दिला होता. एका काकाने तो माझ्यादेखत चुरगाळला, तेव्हा मला वाटलं, बरोबर लागलाय.

अर्जाची मुदत संपायला तीन आठवडे होते. मी पोलादपूरला गेले आणि भूमी अभिलेख कार्यालयात गटाच्या नकाशाची नक्कल मागितली. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या कारकुनाने, का कोण जाणे, नकलेऐवजी मूळ नकाशाच बाहेर काढला. कापडावर डकवलेला, घडीच्या रेघांवर विरलेला, चहाच्या रंगाचा झालेला. "हात लावू नका," तो म्हणाला, आणि स्वतः पुस्तक उघडावं तसा त्याने तो टेबलावर उलगडला.

मी त्या कार्यालयाविरुद्ध दोन निवेदनं दिलेली आहेत, तिसरंही देईन. पण त्या नकाशावर मी हात पाठीमागे धरून वाकले. आमचा सगळा डोंगर तिथे होता. उतार दाखवणाऱ्या बारीक बारीक रेघा, केसासारख्या, एकेक हाताने काढलेल्या. ओढा. ओढ्याचे दोन फाटे, ज्यातला एक आम्हाला लहानपणी उन्हाळ्यात सुकलेला दिसायचा. कुणीतरी, इंग्रजाच्या राज्यात, साखळी ओढत त्या उतारावर चढलं होतं, करवंदीच्या जाळ्यांतून, आणि प्रत्येक वळण कागदावर आणलं होतं. ज्या डोंगरावर मी शाळेच्या सुट्टीत लोळले त्याला इतकं जवळून मी कधी बघितलं नव्हतं.

आमच्या पट्ट्यांमधून वर जाणारी एक तुटक रेघ होती. उभ्या उतारावर, सगळ्या बांधांना आडवी कापत.

"ही काय?"

"वाट," कारकून म्हणाला. "वर वाडी असेल ना? गुरांची वाट असणार. माणूस इतकी वळणं घेत नाही."

वर वाडी होती. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळ-पठारावर, धनगरांची सात-आठ घरं, म्हशी, गाई, शेळ्या आणि थोडी नाचणी. माझ्या चार वर्षांच्या पत्रकांत ती वाडी एकदाही आलेली नव्हती. कारण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं, आणि मी सातबारा वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकीला म्हटलं, मला आपली वरकस दाखव. काकी म्हणजे माझी चुलती. वाडीत शेती करणारी आमच्या घरातली आता ती एकटीच. ती राबाचं बघत होती. पेरणीआधी जमीन भाजायला शेण, पालापाचोळा, फांद्या असे थर लावायचे असतात, ते काम.

"दाखव म्हंजे? तू बघितली नाय काय?"

"नीट बघायचीय. अभ्यासाला."

"अगो, तुझ्या कागदात तर सगळी लिवली होतीस. मी ऐकली ना वाचून घेऊन. तुला म्हाईत हाय म्हणून गप बसले." आणि हातातली फांदी टाकून चालायला लागली. मी मागे. शंभर पावलांत मला धाप लागली. "काय गो, पाय दुखले? कागद वाटताना नाय दुखत?"

त्यानंतरचे तीन तास मी जन्मात विसरणार नाही. काकीचं शिक्षण तिसरी. ती त्या उतारावर एकेका जागी उभी राहायची आणि पायाखालच्या जमिनीचं गेल्या पंधरा-वीस वर्षांचं सगळं सांगायची. इथं नाचणी, पुढल्या साली वरी, तिसऱ्या साली तीळ, मग सोडली. तिकडं कुड्याची झुडपं बघ, गुडघ्याला लागतायत, म्हंजे दोन सालं झाली सोडून. पलीकडं कमरेला. कुडा छातीला लागला की जमीन परत तयार, तोडायची, भाजायची, नाचणी. मी म्हटलं, म्हणजे पट्टी मुद्दाम सोडता? तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं होतं, रात्री मुद्दाम झोपता?

"दमतीय ना ती. तीन पिकं काढल्यावर तुझी आई तरी उभी ऱ्हाईल काय?"

"आणि सोडायची कुठली, हे कोण ठरवतं?"

"शिमग्याला. पालखी घरं फिरून सहाणेवर बसली की दुसऱ्या दिवशी बाप्ये बसतात ना, तवा. या साली कुणाची सोडायची, कुणाची घ्यायची. मुंबईवाले असतात, त्यांच्यादेखत होतं. वरचे पण येतात."

"वरचे कशाला?"

"सोडलेली पट्टी त्यांचीच की." काकी खाली बसली आणि मला पण बसवलं. "दिवाळीनंतर गवत ते कापतात. मग गुरं आणून बसवतात, पट्टीवर, काट्याकुट्यांचं वाडगं करून, रातीची. आज इथं, आठ दिवसांनी थोडं खाली. सगळ्या पट्टीला शेण-मूत मिळतं. नायतर या दगडात नाचणी कशी येईल, तुझ्या कागदानं?"

समोर उतार होता, आणि मला पहिल्यांदा दिसलं की तो हलतोय. एक पट्टी यंदा पिकात जाणारी, एक नुकती सोडलेली, एक कुड्याखाली वाढत चाललेली, एकीवर वाडग्याच्या जुन्या खुणा, काळपट चौकोन, एकाला एक लागून, खालपर्यंत. कुणी मोठ्या अक्कलवाल्याने आखून दिल्यासारखं. आणि आखलं कुणीच नव्हतं. दरवर्षी सहाणेवर, पालखीच्या त्या चौथऱ्यावर बसून, भांडून, तंबाखू चोळत ते पुन्हा ठरत होतं. ज्या काकाने माझा कागद चुरगाळला तोही त्या बैठकीत असायचा, मुंबईची रजा टाकून. मी त्याला पळपुटा म्हटलं होतं.

(त्या बैठकीत बायका बसत नाहीत, हेही इथेच लिहून टाकते. काकी पाठीमागच्या दगडी गडग्याला टेकून उभी असते आणि तिथून सांगते, आणि बाप्ये ते स्वतःचं म्हणून पुढे बोलतात. यावर पत्रक निघणार आहे.)

"काकी, मग माझा कागद ऐकल्यावर बोलली का नाहीस?"

"बोलायचं काय? तू शिकलेली. मला वाटलं, सरकारला फसवायला असं लिवत असतील."

मग आम्ही वर गेलो, त्या तुटक रेघेवरून. वाट खरोखर गुरांसारखी वळत होती. वरच्या वाडीतल्या सगळ्यात वयस्कर बाबांनी आम्हाला ताक दिलं, पाण्यासारखं पातळ आणि थंडगार. काकीने सांगितलं, ही आमची पोरगी, मोठ्या शाळेत जायचंय, अर्ज करतेय. बाबा म्हणाले, हिला ओळखतो की. आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून एक कागद आणला. वरून प्लास्टिक चढवलेलं. आत माझं पत्रक.

"एजंट आलता दोनदा," ते म्हणाले. "हे दाखवलंन, ठेवून गेला. म्हणाला, खालच्यांचीच पोरगी लिवते जमीन पडीक हाय, कुणी वापरत नाय. मग तुमची गुरं तिथं कशी? उठवा म्हणाला. आम्ही म्हटलं, शिमग्याला इचारू."

ते रागावले नव्हते. तेच जास्त लागलं. एखाद्याने शिवी दिली तर मला उत्तर येतं. बाबांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू लिवलंस ते आमी वाचून घेतलं शाळंतल्या पोराकडनं. आमचं नाव नव्हतं त्यात. म्हटलं, बरं हाय, नाव नाय तर भांडण नाय." आणि हसले.

मी कशी खाली आले मला आठवत नाही. एवढं कळत होतं की ज्या एजंटला हाकलायला मी चार वर्षं घसा फोडला, त्याच्या हातात सगळ्यात धारदार कोयता मीच दिला होता. एरवी ज्या सरकारी कागदावर माझा काडीचा विश्वास नाही, त्यावरचे दोन शब्द मला सोयीचे पडले म्हणून मी उचलले. तलाठी पावसाळ्यात एकदा, तेही रस्त्यावरून बघून लिहून जातो. मी तर त्या डोंगराची.

निबंध मी नव्याने लिहिला. या खेपेला उतार होता, कुडा होता, वाडगी होती. वरच्या वाडीबद्दल लिहायला बाबांना पुन्हा जाऊन विचारलं. नावं टाकली नाहीत. आणि शेवटी मी माझं पत्रक आणि त्याचं पुढे काय झालं ते लिहिलं, एकही शब्द मऊ न करता. पत्रकाचा फोटोही जोडला.

सर इंग्रजी करता करता तिथे थांबले.

"हे काढ."

"का?"

"तू प्रवेश मागतेयस, कबुलीजबाब देत नाहीयेस. बाकीचे सगळे आपण काय मोठं केलं ते लिहिणार. तू लिहितेयस की मी गावाचं नुकसान केलं. हसतील तुला."

"हसू देत."

"जागा किती कमी आहेत तुला माहितीय? इथून आजवर कुणी गेलेलं नाही तिकडे. आत गेल्यावर सांग की हवं ते."

मी दोन दिवस त्यावर घालवले. खोटं कशाला सांगू, मला ती जागा फार हवी होती. त्या यादीतले विषय मी झोपताना म्हणायचे, लहान मुलं पाढे म्हणतात तसे. आणि सर वाईट सांगत नव्हते. पण ते शेवटचं पान काढून वाचलं की उरलेल्या निबंधात मी कुणीतरी शहाणी बाई दिसत होते, जिला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. ते धादांत खोटं. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं माझ्याकडचं एकमेव खरं उत्तर त्या पानात होतं: जमिनीची किंमत कशी ठरते? आमच्याकडे ती कागदावरच्या दोन शब्दांनी ठरायला निघाली होती, आणि ते शब्द मीच छापून वाटले. पान तसंच ठेवलं. सरांनी सुस्कारा सोडून त्याचंही इंग्रजी केलं, आणि चांगलं केलं.

मुलाखत ऑनलाइन होती. वाडीत रेंज नाही, म्हणून सरांच्या घरी, त्या कपाटासमोर बसून दिली. पडद्यावर तिघं. दोघांनी शिक्षणाबद्दल, गुणांबद्दल विचारलं. मी आडवीतिडवी इंग्रजी बोलत होते. तिसऱ्या प्राध्यापक बाई आतापर्यंत गप्प होत्या. त्यांनीच हिंदीवर गाडी आणली.

"तुमचं पत्रक वाचलं मी. कुणाकडून तरी भाषांतर करून घेतलं. तुमच्या सगळ्या पत्रकांच्या शेवटी मागणी असते का?"

"असते."

"साधारण काय असते?"

"नोंद करा. वहिवाटीची नोंद करा, कुळाची नोंद करा, वारसांची नोंद करा."

"वरच्या वस्तीच्या हक्काचीही नोंद करायची?"

"अर्थात. म्हणजे कुणी त्यांना उठवू शकणार नाही."

"कुठल्या पट्टीवर?"

मी 'आजच्या' म्हणायला तोंड उघडलं.

कुठल्या पट्टीवर? आजच्या? मग पुढच्या साली ती पिकात जाईल तेव्हा? नोंद म्हणजे एक गट, एक नाव, एक हक्क. पट्टी तर फिरते. नोंद केली की ती एका जागी खिळणार. खिळली की वरचे म्हणतील ही आमची, खालचे म्हणतील मग बाकीच्यांवर तुम्ही यायचं नाही, आणि शिमग्याला ठरवायला काही उरणारच नाही. नोंद नाही केली तर एजंट उठवतो. केली तर आपणच मोडतो. चार वर्षं मी जी मागणी ठळक अक्षरात छापली ती त्या बाईंनी दोन शब्दांत माझ्यासमोर उघडी करून ठेवली, कापडावरच्या नकाशासारखी, आणि मला तिच्यातले उतार दिसायला लागले.

अपमान वाटायला हवा होता. मला भांडायला आवडतं आणि हरायला आवडत नाही. पण खरं सांगते, मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. हा प्रश्न आमच्या डोंगरावर इतकी वर्षं पडलेला होता आणि हजार किलोमीटरवर बसलेल्या एका बाईला तो माझी पाच पानं वाचून दिसला.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी हा विचार केलेलाच नाही. जगात कुठे केलाय का कुणी? फिरत्या हक्काची नोंद?"

"काही ठिकाणी प्रयत्न झालेत. बरेचसे फसले."

"का फसले?"

त्या सांगायला लागल्या. बाकीचे दोघं घड्याळ बघत होते. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या, आणि मधेच वीज गेली. महाडला जाते तशी, न सांगता. पडदा काळा. सर दारातून म्हणाले, "मुलाखत त्यांनी तुझी घ्यायची असते गं."

पंधरा दिवसांनी ईमेल आलं. प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्तीचं पत्र नंतर येईल, असं खाली लिहिलं होतं. मी पोलादपूरच्या नाक्यावर उभी होते, महाबळेश्वरच्या गाड्या वळत होत्या, आणि ओरडावं की रडावं ते कळेना, म्हणून एक वडापाव खाल्ला.

काकीला सांगितलं तर म्हणाली, "वर सांगितलंस काय? आधी वर जा."

वर गेले. बाबा अंगणात शेळीच्या पायातला काटा काढत होते. मी सांगितलं, काय शिकणार तेही सांगितलं, जमेल तसं. मग मुलाखतीतला तो प्रश्न सांगितला. त्यांनी काटा काढला. शेळी सोडली. हात झटकले.

"असं इचारलंन तिनं?"

"हो."

"बाई?"

"हो, बाईच."

त्यांनी खाली उताराकडे बघितलं. "त्या बाईच्या गावाला डोंगर हाय काय?"

"माहीत नाही, बाबा. विचारलं नाही मी."

"मग इचार," ते म्हणाले. "पयल्या दिवशी इचार. आणि नसंल तर तिला हिकडं घेऊन ये."